सोळाशे बाय नऊशेचे व्याही

आमच्या व्याह्यांनी ज्याला निदान एकदा तरी हादरवून सोडलं नाही, असा माणूस हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. आणि सापडलाच, तर तो अजून त्यांच्यासमोर बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. मी कित्येक वर्षं त्यांच्यासमोर बसत आलो आहे. लेकीचा बाप असल्यामुळे मला मधेच उठून जायची सोय नाही. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेला माणूस तसा सहजासहजी दचकत नाही. कालवा फुटल्याचा निरोप आला तरी तो आधी हातातला चहा संपवतो. पण या माणसानं मला चहाचा कप तोंडाशी असताना दचकवलं आहे, भर पंगतीत दचकवलं आहे, आणि शेवटी असं काही दचकवलं की त्यातून मी अजून सावरलेलो नाही. कुरुंद्यात, म्हणजे त्यांच्या गावात, त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सर्रास बोलल्या जातात. एक, त्यांचे डोळे गेले. दोन, डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं. दोन्ही साफ खोट्या आहेत, आणि त्यातली पहिली पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

ते माझी मुलगी बघायला आमच्या हिंगोलीच्या घरी आले तो दिवस आधी सांगतो. पोहे झाले, मुलगी समोर येऊन बसली, आणि हे गृहस्थ तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे टक लावून बसले. मला वाटलं, पाल असेल. एवढ्यात ते उठले, आमचं स्टूल ओढून त्यावर चढले, आणि भिंतीवरचं घड्याळ जरासं डावीकडे सरकवून खाली उतरले. "आता बगा," असं म्हणून त्यांनी उरलेले पोहे संपवले. मुलीला त्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. जेवायला बसल्यावर मात्र ताटातली भाकरी दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली, एकदा गोल फिरवली आणि जाहीर केलं, "पोरगी पसंत हाय." माझी मुलगी बी.ए. झालेली, ती भाकरीवर पास झाली याचा आमच्या घरात फार राग आला. त्यातून ती भाकरी माझ्या बायकोनं थापलेली होती, हे आम्ही त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. लग्नानंतर मुलीनं सासरी पहिली भाकरी केली तेव्हा त्यांनी ती तशीच उजेडाकडे धरली आणि शांतपणे विचारलं, "हा सेनगाव तालुक्याचा नकाशा हाय का?" मग तो नकाशा त्यांनी कोरड्याससोबत पूर्ण खाल्ला, आणि वर आणखी एक मागून घेतला. सासूबाई काही बोलण्याच्या आत त्यांनी ताट रिकामं केलं होतं. त्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही.

ते चित्रकलेचे मास्तर. सगळं आयुष्य फळ्यावर वर्तुळं काढण्यात गेलं. कंपास नाही, दोरी नाही. खडू फळ्याला टेकवायचा आणि हात एकदा फिरवायचा, की चंद्र उगवल्यासारखं वर्तुळ उमटायचं. रोज सकाळी पहिल्या तासाआधी रिकाम्या वर्गात जाऊन ते असं एक वर्तुळ काढायचे आणि पुसून टाकायचे. का, असं हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाले, "गवई आ करतो, तसं." या सरळ-वाकड्याच्या वेडापायी त्यांनी माणसांना जे धक्के दिले त्यांना गणती नाही. वसमतच्या बसवर गावाच्या नावाची पाटी तिरकी बसवली होती म्हणून त्यांनी ड्रायव्हरला ती काढून पुन्हा लावायला लावली, आणि अख्खी गाडी तोवर उभी राहिली. एका मयताला गेले असता तिरडीचे दोन बांबू एकमेकांना समांतर नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. रडणाऱ्या मंडळींच्या मधून वाट काढत ते पुढे गेले, सुतळी सोडली, बांबू सरळ केले, पुन्हा बांधले आणि मग हात जोडून मागे सरकले. लोक रडायचे थांबले. मयताचा थोरला मुलगा मला नंतर म्हणाला, की त्यावेळी राग आला होता, पण बाबा सरळ गेले याचं आता बरं वाटतं.

निवृत्तीनंतर अशा माणसानं काय करावं? त्यांनी कॉम्प्युटर घेतला. शाळेनं जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा त्यातलं एक, मागे ढेरी असलेल्या पडद्यासकट, ते बैलगाडीत घालून घरी घेऊन आले. त्यात लिनक्स होतं. शाळेत तशी यंत्रं आली तेव्हापासून ती झाकून ठेवलेली होती, कारण लिनक्स कुणाला येत नव्हतं आणि शिकायला कुणी तयार नव्हतं. वसमतच्या एका दुकानदारानं त्यांना सांगितलं, की सर, हे टाका काढून, मी तुम्हाला विंडोज फुकटात टाकून देतो, सगळे तेच वापरतात. त्यावर ह्यांनी विचारलं, की फुकटात म्हणजे कंपनीनं फुकट दिलंय का? दुकानदार हसला. व्याही उठले. "पोरायला जन्मभर सांगितलं, चित्राखाली कागद ठेवून गिरवायचं न्हाई," ते मला म्हणाले, "आता म्हातारपणी चोरीचा माल घरात आणू व्हय?" आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस लिनक्स शिकला. कसा, ते विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, आणि माझी शेवटची बस चुकली होती.

त्यावर ते फ्लेक्स करू लागले. वाढदिवस, नेमणूक, लग्न, दहावं. गावात माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत फ्लेक्सवर असतो, आणि त्या सगळ्यांची तोंडं आधी व्याह्यांच्या पडद्यावरून जायची. ते चित्र तयार करून पेन ड्राइव्हमध्ये घालून वसमतला छापायला पाठवायचे. त्यांच्या फ्लेक्सची कीर्ती अशी होती, की फोटोत डोळे मिटलेला माणूससुद्धा त्यांच्या हातून जागा होऊन बाहेर पडायचा. पैशाचं त्यांना फारसं नव्हतं. पण रस्त्यानं जाताना लोक वर बघून "सरांचा हात हाय" म्हणायचे, तेव्हा ते न ऐकल्यासारखं करून चाल हळू करायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तर नेहमीचे कपडे, चांदीचं निरंजन हे सगळं सोडून मला वेगळं सुचलं. व्याह्यांच्या पडद्याची ढेरी आता गरम होऊन वास मारू लागली होती, असं मुलगी फोनवर म्हणाली होती. तेव्हा मी हिंगोलीतल्या एका दुकानातून लांबरुंद, सपाट, जवळपास नवा असा पडदा घेतला. दुकानदारानं दोन तारा पुढे ठेवल्या, एक जाड आणि एक हलकी, आणि म्हणाला, "चाचा, ये अच्छीवाली ले लो." मी नोकरीतला माणूस, तार ती तार, वीज काय जाडी बघून वाहते का, असं त्याला सुनावून हलकी उचलली. अनारशांच्या ताटासोबत तो पडदा मी कुरुंद्याला जावयाच्या हाती दिला. विहीणबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवला. सुनेच्या माहेराहून आलेला पडदा म्हणून महिनाभर त्यावर झालर लावलेलं कापड होतं. माझ्या मुलीची मान ताठ झाली, आणि माझी तिच्याहून ताठ.

मग चेहरे बारीक होऊ लागले.

पहिला धक्का बसला एका होतकरू पुढाऱ्याला. माणूस भरगच्च, खुर्चीत बसला की खुर्ची दिसायची नाही. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात चढला आणि दुपारपर्यंत त्याला नातेवाइकांचे फोन सुरू झाले. शुगर निघाली का, नांदेडला दाखवलं का, आम्हाला कळवलंसुद्धा नाही. फ्लेक्सवर तो एखाद्या उपवासकरी ब्रह्मचाऱ्यासारखा उभा होता, गालफडं बसलेली, नाक चाकूसारखं. त्यानंतर एका लग्नाच्या फ्लेक्सवर नवरी-नवरा असे निघाले, की मुलीच्या मावशीनं मांडवाच्या दारातच डोळ्याला पदर लावला. म्हणे एवढ्या वाळक्या पोराला का दिली. एका पैलवानाच्या सत्काराचा फ्लेक्स तर पैलवानानं स्वतः उतरवून काखेत मारून नेला. आता काय म्हणायचं? माणसं तीच, फोटो तेच, कलाकार तोच. म्हणजे कलाकाराचे डोळेच गेले असणार.

हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. म्हणजे लोकांच्या मनात असेलही, पण कुरुंद्याच्या बस थांब्यावर, व्याह्यांच्याच गावात, दहा माणसांत ते मी बोललो. आणि तेही मोठ्या काळजीच्या स्वरात. "वय झालं हो. मोतीबिंदू असणार." लेकीचा बाप म्हणतोय म्हटल्यावर ते पक्कं झालं. एवढ्यावर न थांबता मीच त्यांना नेत्र तपासणीच्या शिबिराला घेऊन गेलो. तिथे अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, काय दिसतं?" व्याही म्हणाले, "तक्ता उजवीकडं कललाय." शिबिरातल्या माणसानं जाऊन पाहिलं, खरोखर बोटभर कललेला होता. बाईंनी त्यांचे दोन्ही डोळे बॅटरी मारून तपासले, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना शिबिरात का आणलं? यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

मला वाटलं, चला, सुटलो. पण गावानं वेगळा हिशेब मांडला. डोळे खरंच चांगले असतील आणि तरी तोंडं वाकडी निघतात, तर मग बिघाड आणखी वर आहे. त्या दिवसापासून लोक त्यांच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले. फ्लेक्सची कामं थेट वसमतला जाऊ लागली. ज्यांची त्यांनी जन्मभर चित्रं तपासली, ती माणसं त्यांना रस्ता ओलांडताना हात धरू लागली. आणि आमचे व्याही, जे बसची पाटी वाकडी म्हणून बस थांबवत, ते यावर एक शब्द बोलले नाहीत. मला हे फार चमत्कारिक वाटलं होतं. पण विचार करायची सवय नोकरीत गेलेली.

पुढच्या वर्षी मुलीला टायफॉइड झाला, तेव्हा मी काही दिवस कुरुंद्याला राहायला गेलो. हळद शिजवायचे दिवस होते, सगळं घर शेतावर, आणि घरात आम्ही तिघं: खाटेवर मुलगी, ओट्यावर मी, आणि खोलीत व्याही. पहिल्या सकाळी ते आंघोळ, देवपूजा करून कपाळाला गंध लावून पडद्यासमोर बसले. पडद्यावर एक अंडं होतं. चांगलं आडवं, फुगलेलं, कोंबडीचंसुद्धा नव्हे, बदकाचं. त्यांनी एक काळी चौकट उघडली आणि टाइप करता करता तोंडानं म्हणू लागले, "एक्सरँडर, नवा मोड, सोळाशे बाय नऊशे. एकशे अठरा पूर्णांक पंचवीस. सोळाशे, सोळाशे शहाण्णव, अठराशे छप्पन्न, एकवीसशे बारा. नऊशे, नऊशे तीन, नऊशे आठ, नऊशे चौतीस. आडवं वजा, उभं अधिक." मी नकळत हात जोडले. मला ती आरतीच वाटली. मग त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या, पडदा क्षणभर काळा झाला, आणि उजेड आला तेव्हा अंड्याच्या जागी वर्तुळ होतं. फळ्यावर काढायचे तसं, अगदी चंद्रासारखं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. हे काय, असं विचारलं तर म्हणाले, "सवय हाय. चहा घ्या."

उलगडा मुलीनं केला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. ते शेताकडे गेल्यावर खाटेवर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "अण्णा, मामांना काही झालेलं नाही. तुम्ही दिलेल्या पडद्याची तार खराब आहे." आणि मग तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, चूकभूल असेल तर माझी. पडद्यानं यंत्राला आपलं माप सांगायचं असतं, की मी एवढा रुंद, एवढा उंच. ते सांगणं तारेतूनच जातं. माझ्या हलक्या तारेत ती वाट मुळात नव्हतीच. पडदा मुका झाला, आणि यंत्रानं आपलं जुन्या ढेरीवाल्या पडद्याचं, जवळपास चौकोनी माप धरलं. ते चौकोनी चित्र लांबरुंद पडद्यावर ताणून बसवलं गेलं. म्हणून पडद्यावर सगळी माणसं फुगलेली दिसायची. आता दुसरा कुणी असता तर त्यानं फोटो आहे तसा ठेवून पाठवला असता, आणि फ्लेक्स अगदी बरोबर छापून आला असता. पण आमच्या व्याह्यांच्या डोळ्याला फुगलेलं तोंड सहन होईना. ते प्रत्येक चेहरा पडद्यावर खरा दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी आत घ्यायचे. पडद्यावर खरा, म्हणून कापडावर बारीक. डोळा चांगला होता म्हणूनच घोटाळा झाला! वाईट असता तर एकही तक्रार आली नसती.

हे त्यांनी शोधलं कसं, तर सुनेच्या बांगडीनं. शिबिरातून परत आल्यावर त्यांनी यंत्राला आकडे देऊन लांबी-रुंदी सारखी असलेलं वर्तुळ काढायला लावलं, आणि सुनेच्या हातातली एक बांगडी मागून घेऊन पडद्याला टेकवली. बांगडी गोल, वर्तुळ अंडं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, मुलगी म्हणाली. मग यंत्रात मापांची यादी उघडली. तीत त्यांना हवं ते सोळाशे बाय नऊशेचं माप नव्हतंच. लिनक्समध्ये नवं माप आपलं आपण घडवता येतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं, आणि ते घडवायला बसले. पहिल्यांदा एक आकडा चुकला तर पडदा काळा होऊन त्यावर 'आउट ऑफ रेंज' अशी एक लहान चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरू लागली. विहीणबाईंनी ते पाहून चुलीतून निखारे आणले आणि मीठ-मोहऱ्यांनी पडद्याची दृष्ट काढली. यंत्र बंद करून चालू केल्यावर पडदा परत आला. त्याचं श्रेय अजून मोहऱ्यांकडे आहे. शेवटी माप बसलं. मात्र यंत्र बंद केलं की ते विसरून जायचं, म्हणून रोज सकाळची ती आरती. ते कायमचं लिहून ठेवता येतं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण रोज हातानं लिहिलं की हात बसतो, असं ते सुनेला म्हणाले.

"मग नवी तार का नाही आणली?" मी विचारलं. "आणि लोकांना का नाही सांगितलं?"

मुलगी कुशीवर वळली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं अण्णा. मामा म्हणाले, लेकीच्या बापाच्या देण्यात खोट काढीत न्हाईत. तुझ्या सासूच्या कानावर गेलं, तर जन्मभर तुला ऐकवून राहील, तुझ्या माहेरच्या वाणानं माझ्या नवऱ्याचं नाव गेलं म्हणून. नवी तार आणली तरी काहून आणली म्हणून इचारतीलच." आणि तिला त्यांनी शपथ घातली होती. तापात ती बोलून गेली, इतकंच.

मी ओट्यावर येऊन बसलो. आयुष्यात मला पुष्कळ धक्के बसले आहेत, पण ते बाहेरून बसले. हा आतून होता. ज्या माणसाच्या डोळ्यांबद्दल मी बस थांब्यावर काळजी व्यक्त करत होतो, त्यानं माझ्या मुलीला एक टोमणा बसू नये म्हणून गावाला आपले डोळे देऊन टाकले होते, आणि डोळे कमी पडले तेव्हा डोकंही दिलं होतं. संध्याकाळी ते शेतावरून हळदीनं पिवळे झालेले हात घेऊन आले आणि मला म्हणाले, "काहून गप बसून राहिले पाव्हणे? तब्येत बराबर हाय ना?" मी हो म्हणालो. आणि हिंगोलीला परत जाऊन गप्पच बसलो. शपथ मोडली जाईल, मुलीला त्रास होईल, अशी चांगली चांगली कारणं माझ्याकडे होती. खरं कारण एकच होतं. विहीणबाईंनी झालर लावलेला तो पडदा मला अजून फार आवडत होता.

परवा त्यांनी दोन खोल्या वाढवल्या, त्याची वास्तुशांत झाली. दाराशी फ्लेक्स होता, वसमतहून करून आणलेला. त्यावर व्याह्यांचं स्वतःचं तोंड होतं, आणि ते एका बाजूला कललेलं होतं. ते त्याखालून ये-जा करत होते आणि वर बघत नव्हते. एका माणसानं माझ्यादेखत त्यांचा दंड धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, इथं पायरी हाय, बराबर पाय टाका." ते निमूटपणे म्हणाले, "व्हय व्हय." माझ्यानं राहवेना. पंगत बसली होती. मी उभा राहिलो, आणि सगळं सांगितलं. पडदा मी दिला, तार मी हलकी घेतली, चेहरे माझ्यामुळं बारीक झाले, सरांचे डोळे ठणठणीत आहेत, डोकं त्याहून ठणठणीत आहे, आणि हे त्यांना शिबिरापासून माहीत होतं. पंगतीतला कुणीही घास उचलेना.

व्याही हातात बुंदीची बादली घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघतात न बघतात तोच वाढप्याला म्हणाले, "पाव्हण्यायला आधी वाढा रे. उपाशीपोटी डोस्कं असंच फिरून राहतंय."

पंगत हसली. समोरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, की इवाई इवायाला शोभून दिसले. एकाचे डोळे गेले, दुसऱ्याचं डोस्कं. त्यावर आणखी हशा झाला, आणि बुंदी पुढे सरकली. कुणालाही काही पटलं नव्हतं. तारेनं माणसाचं तोंड बारीक होतं, यावर शहाण्या माणसानं विश्वास तरी का ठेवावा? आता कुरुंद्यात लोक माझ्याशीही मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. म्हणून हे लिहून काढावं लागलं. कागदावर निदान कुणी बुंदी वाढत नाही.

पण हसली नव्हती ती एक व्यक्ती. विहीणबाई वरणाचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या; त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि आत गेल्या. पाहुणे पांगल्यावर मी व्याह्यांची माफी मागायला खोलीत गेलो. ते खाटेवर बसले होते, आणि विहीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पण बोलायच्या थांबल्या नाहीत.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

व्याही म्हणाले, "तू पोरीला बोलली असती."

"बोलले असते," विहीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस बोलले असते. मंग गप बसले असते की. आन तुमी मला इतके दिवस..." त्यांनी दाराची चौकट धरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शिबिरातल्या बाईनं चांगले सांगितले तरी मला पटलं न्हाई, मी रोज देवाला तुमचे डोळे मागून राहिले. उद्या दिसंना गेलं तर कसं करावं, म्हणून घरातल्या चौकटी मोजून ठेवल्या मी, डोळे मिटून चालून बघितलं."

जिच्यासाठी गप्प राहायचं, त्या सुनेचा व्याह्यांनी विचार केला होता, माझा केला होता. ही बाई रोज शेजारच्या खोलीत डोळे मिटून भिंती चाचपत होती, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. ते खाटेवर एका बाजूला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर हातानं सारखी केली. व्याह्यासमोर नवऱ्याशेजारी बसायची आमच्याकडे रीत नाही. विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बसल्या.

मी माफी न मागताच दार ओढून घेतलं आणि ओट्यावर आलो. अंगणात माझी मुलगी ताटं विसळत होती. "काय झालं अण्णा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, बोलत बसलेत. आतून मात्र काहीच आवाज येत नव्हता.